लंडनजवळच्या गावात शनिवार-रविवार: सेंट ऑल्बन्सची सहल नीट कशी आखायची

आधी हॉटेल, मग गाडी, आणि तिथे काय कधी उघडं असतं ते पोहोचल्यावर. बहुतेक मराठी कुटुंबं इंग्लंडमधली दोन दिवसांची सहल या क्रमाने आखतात आणि याच क्रमामुळे ती बिघडते. हॉटेलचे पैसे भरून झालेले असतात, शनिवारी सकाळी स्टेशनवर गेल्यावर कळतं की रुळांचं काम चालू आहे आणि गाडीऐवजी बस आहे. बरोबर भारतातून आलेले आई-बाबा, दोन बॅगा आणि एक बाबागाडी. गावात पोहोचेपर्यंत दुपार उलटते.

हा लेख लंडनच्या आसपासच्या नोकरदारांच्या गावांबद्दल आहे. सोमवार ते शुक्रवार इथली माणसं सकाळी गाडी पकडून लंडनला कामाला जातात आणि संध्याकाळी परततात. गावाचं वेळापत्रक त्यांच्या सोयीने बसलेलं असतं, पाहुण्यांच्या नाही. म्हणूनच शनिवार-रविवारी रेल्वे दुरुस्तीला निघते, मोठी दुकानं रविवारी थोडेच तास उघडतात आणि पबचं स्वयंपाकघर दुपारी मध्येच बंद होतं. हे धरून आखणी केली तर दोन दिवस फार सुखाचे जातात. उदाहरण म्हणून हर्टफर्डशरमधलं सेंट ऑल्बन्स घेतलं आहे, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हेच गाव सुचवतो.

## टप्पा १: गाव ठरवा, पण तीन कसोट्या लावून

नकाशावर लंडनजवळ दिसलं म्हणून गाव निवडू नका. या तीन गोष्टी पाहा.

१. लंडनहून गाडी न बदलता साधारण पाऊण तासाच्या आत पोहोचता येतं का?
२. स्टेशनपासून जुन्या बाजारपेठेपर्यंत म्हाताऱ्या माणसांना चालत जाता येतं का?
३. दिवसभर पाऊस लागला तर छपराखाली घालवता येतील अशा निदान दोन जागा आहेत का?

सेंट ऑल्बन्स तिन्हींत बसतं. सेंट पँक्रसहून जलद गाडीने सुमारे २० मिनिटं, स्टेशनपासून बाजारपेठ १० ते १५ मिनिटांवर, आणि पावसासाठी कॅथीड्रल व दोन संग्रहालयं. सरेमधलं गिल्डफर्ड आणि केंटमधलं सेव्हनओक्सही चांगली आहेत, पण सेव्हनओक्सचा खरा जीव नोल हाऊस आणि तिथल्या हरणांच्या उद्यानात आहे, म्हणजे पावसात पंचाईत. गिल्डफर्डची हाय स्ट्रीट चांगलीच चढाची आहे. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर विचार करा.

## टप्पा २: तारीख पक्की करण्याआधी रूळ तपासा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो.

इंग्लंडमध्ये रुळांची मोठी कामं मुद्दाम शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला काढतात, कारण तेव्हा नोकरदारांची गर्दी नसते. त्या दिवशी काही पट्ट्यात गाडीऐवजी बस असते. २० मिनिटांचा प्रवास मग सहज तासावर जातो.

१. मनात दोन वेगवेगळे शनिवार-रविवार धरा. एकच तारीख धरून बसू नका.
२. तीन-चार आठवडे आधी नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर दोन्ही तारखांची नियोजित कामं पाहा. सेंट ऑल्बन्ससाठी टेम्सलिंकचा (इथल्या गाड्या चालवणारी रेल्वेसेवा) लंडन ते बेडफर्ड हा मार्ग तपासायचा.
३. नुसती सूचना वाचून थांबू नका. प्रवास-शोधात खरी तारीख आणि वेळ घाला. उत्तरात बसचं चिन्ह दिसलं किंवा प्रवास एकदम लांबला, तर ती तारीख सोडा.
४. परतीचा रविवारही तसाच तपासा. शनिवार मोकळा आणि रविवारी काम, असं पुष्कळदा होतं.
५. निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा पाहा.

तारीख बदलणं शक्यच नसेल तर दोन आडवाटा आहेत. पहिली, यूस्टनहून वॉटफर्ड जंक्शन आणि तिथून ॲबी लाइन नावाची छोटी गाडी; ती साधारण १६ मिनिटांत सेंट ऑल्बन्स ॲबी स्टेशनवर सोडते. एकेरी रुळावरची ही गाडी पाऊण तासाने एक आणि रविवारी त्याहून विरळ असते, तेव्हा वॉटफर्डला पोहोचण्याची वेळ तिच्याशी जुळवून घ्या. दुसरी, किंग्ज क्रॉसच्या बाजूने हॅटफील्डला उतरून तिथून बस किंवा टॅक्सी. हॅटफील्डचा मार्ग वेगळा आहे, म्हणून बेडफर्डच्या रुळावर काम असलं तरी तो बहुधा चालू असतो.

तारखेबरोबर ऋतूही बघा. डिसेंबरात चार वाजण्याआधीच सूर्य मावळतो, जूनमध्ये नऊनंतर. हिवाळ्यात बाहेर हिंडायला तुमच्या हातात जेमतेम पाच-सहा तास असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्या शनिवार-रविवारी गेलात तर आदल्या दिवशीच्या मानाने संध्याकाळ एकदम तासभर आधी होते. गावातला जुना घड्याळ-मनोरा ईस्टर ते सप्टेंबरअखेर शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडेलाच उघडतो, तेव्हा त्यावर चढायचं असेल तर हिवाळा बाद. संत ऑल्बनचा दिवस २२ जून. त्याच्या जवळच्या शनिवारी मोठमोठ्या बाहुल्यांची मिरवणूक कॅथीड्रलकडे जाते. मुलं असतील तर हा दिवस जरूर साधा, फक्त हॉटेल बरंच आधी घ्या.

तपासा: तारीख, जायची गाडी, यायची गाडी. तिन्ही कागदावर आल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा ३: मुक्काम

मुक्काम सेंट पीटर्स स्ट्रीट, कॅथीड्रल किंवा सिटी स्टेशन या त्रिकोणात घ्या. गावाबाहेरची मोठी हॉटेलं छायाचित्रात देखणी दिसतात, पण प्रत्येक वेळी टॅक्सी लागते, आणि शनिवारी तिथे लग्नसमारंभ असण्याची शक्यता मोठी.

शुक्रवार-शनिवारपेक्षा रविवारची रात्र बहुधा स्वस्त पडते. सोमवारी रजा मिळत असेल तर शनिवार-रविवार अशा दोन रात्री घ्या.

खोली घेताना या गोष्टी विचारा. लिफ्ट आहे का? जुन्या इमारतींत पुष्कळदा नसते आणि जिने अरुंद असतात. आई-बाबांसाठी तळमजल्याची खोली मागून घ्या. पलंग एक मोठा आहे की दोन सुटे? आई-बाबांना सुटे हवे असतील तर ‘ट्विन’ असं स्पष्ट सांगावं लागतं. फॅमिली रूममध्ये चारच माणसं चालतात का? बहुतेक ठिकाणी दोन मोठी आणि दोन मुलं हीच मर्यादा असते. पाचव्या माणसाला गुपचूप आत नेऊ नका. आग लागली तर कोण कुठे आहे हे हॉटेलच्या नोंदीवरूनच पाहतात.

खोलीत शक्यतो दुपारी दोन-तीननंतरच जाता येतं. म्हणून सकाळी पोहोचणार असाल तर ‘बॅगा आधी ठेवून घ्याल का’ हे मेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. गावातल्या स्टेशनवर सामान ठेवायची सोय असेल असं गृहीत धरू नका.

सावधान: चहाची किटली इथे खोलीत असतेच, पण खोलीत उदबत्ती किंवा निरांजन लावू नका. धुराचा गजर वाजला की सगळं हॉटेल रस्त्यावर येतं आणि काही ठिकाणी दंडही लावतात. संकष्टी किंवा एकादशी त्या दिवसांत येत असेल तर देवासमोर फूल ठेवून हात जोडावेत.

## टप्पा ४: तिकिटं, आणि इथे होणारा गोंधळ

आधी हे पक्कं करा की कोण कोण येणार, कारण स्वस्त पर्याय त्यावर ठरतो.

फक्त दोन-तीन मोठी माणसं, झटपट जायचं आहे. बँकेचं कार्ड किंवा फोन फाटकावर टेकवून जा. सेंट ऑल्बन्स सिटीला ते चालतं. लंडनमधल्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड मात्र चालत नाही! या मार्गावर ऑयस्टरची हद्द सेंट ऑल्बन्सच्या आधीच संपते. लंडनमध्ये राहणारेच ही चूक जास्त करतात, कारण त्यांच्या हाताला ऑयस्टरची सवय असते. आत टेकवून गेलात आणि सेंट ऑल्बन्सला फाटक उघडलं नाही, तर जास्तीचे पैसे किंवा दंड भरावा लागतो.

प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड हवं. जाताना फोन टेकवला तर उतरतानाही तोच फोन टेकवा. त्याच बँकेचं प्लास्टिकचं कार्ड यंत्राला वेगळं वाटतं आणि दोन्हींवर अर्धवट प्रवासाचा जादा आकार पडतो.

तीन ते नऊ मोठी माणसं. ग्रुपसेव्ह घ्या. कुठलंही सवलत-कार्ड लागत नाही, गर्दीच्या वेळेबाहेर एक तृतीयांश सूट मिळते, आणि शनिवार-रविवारी गर्दीची वेळ नसतेच. तिकीट काढताना तिघे एकत्र दाखवा आणि प्रवासही एकत्रच करा.

आजी-आजोबा, आई-बाबा आणि निदान एक मूल. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड. एका कार्डावर चार मोठी आणि ५ ते १५ वर्षांची चार मुलं. मोठ्यांना एक तृतीयांश, मुलांना ६० टक्के सूट. मूल बरोबर नसेल तर हे कार्ड चालत नाही. ५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

फक्त आई-बाबा, पुढेही बरंच फिरणार. दोघंही साठीच्या पुढचे असतील तर प्रत्येकाचं सीनियर रेलकार्ड काढा. यासाठी ब्रिटनचं नागरिकत्व लागत नाही, भारतीय पासपोर्टवर वय सिद्ध होतं. दोघं कायम बरोबरच फिरणार असतील तर टू टुगेदर हे एकच कार्ड दोघांना पुरतं. मार्च २०२५ पासून ही कार्डं वर्षाला ३५ पौंडांना आहेत, म्हणजे एका सहलीत वसूल होणार नाहीत. दोन-तीन महिने राहणाऱ्यांनीच घ्यावीत.

सावधान: रेलकार्डाची आणि ग्रुपसेव्हची सूट कार्ड टेकवून मिळत नाही. मुलांचं अर्धं तिकीटही मिळत नाही. त्यासाठी तिकीट आधी काढायलाच हवं, ॲपवर किंवा स्टेशनच्या यंत्रावर.

भारतातून आलेल्यांच्या कार्डांविषयी एक गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देणं या सुविधा आपण स्वतः चालू कराव्या लागतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही चालू आहेत का ते पाहा. फाटकाशी उभं राहून ओटीपीची वाट बघण्याची वेळ येऊ नये.

शुक्रवारी संध्याकाळी निघणार असाल तर साडेचार ते सातच्या गाड्या टाळा. भाडं जास्त, आणि कामावरून परतणाऱ्यांनी डबे भरलेले. बॅग ठेवायलाही जागा नसते. सातनंतर निघा किंवा सरळ शनिवारी सकाळी.

मोटारीने जाणाऱ्यांनी एवढं पाहावं: सेंट ऑल्बन्स लंडनच्या प्रदूषण-कराच्या हद्दीबाहेर आहे, पण २९ ऑगस्ट २०२३ पासून ती हद्द लंडनच्या सगळ्या बरोंना लागू आहे. हॅरो किंवा वेम्बलीहून जुनी डिझेल गाडी काढलीत तर घराबाहेर पडताच दिवसाचे १२ पौंड ५० पेन्स लागतात. गावात रस्त्याकडेची बरीच जागा रहिवाशांसाठी राखीव असते. पाटी वाचूनच गाडी लावा.

## टप्पा ५: जेवणाची जागा आधी धरा

शनिवारची रात्र आणि रविवारची दुपार, या दोन जेवणांचं आरक्षण आठवडाभर आधी करा. बाकीची जेवणं बाजारात, कॅफेत किंवा शिदोरीवर निभतात.

पबमध्ये दारू न पिणाऱ्यांनाही जेवायला जाता येतं आणि मुलंही चालतात, फक्त संध्याकाळी किती वाजेपर्यंत चालतात ते विचारून घ्या. नळाचं पाणी फुकट मिळतं, मागायला संकोच नको. बऱ्याच पबांत टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवून जेवण काउंटरवर सांगायचं असतं. जागेवर बसून वेटरची वाट बघत अर्धा तास घालवू नका. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मध्ये स्वयंपाकघर बंद असतं. दुपारी साडेतीनला भूक लागली तर पबकडे नव्हे, कॅफेकडे वळा. रविवारी रात्री तर पुष्कळ ठिकाणी जेवण मिळतच नाही.

शाकाहारी माणसं असतील तर ‘व्हेज आहे का’ एवढं विचारून पुरत नाही. नेमके प्रश्न हे:

- रविवारच्या रोस्टबरोबरची ग्रेव्ही मांसाच्या रसाची आहे की वेगळी? भाजलेले बटाटे कशात भाजले? पुष्कळदा बदकाच्या किंवा गाईच्या चरबीत.
- चिप्स कोणत्या तेलात तळता? त्याच तेलात मासे तळता का?
- यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतंच. अंडं न खाणाऱ्यांनी आधी सांगावं.
- सूपचं पाणी भाज्यांचं की कोंबडीचं?
- पार्मेझान चीज आहे का? त्यात वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात.

हे सगळं टेबल धरतानाच लिहून कळवा. इथले आचारी ॲलर्जी आणि खाण्याची पथ्यं गंभीरपणे घेतात, पण त्यांना वेळ हवा. ऐन रविवारी दुपारी एकला हे विचारलं तर उत्तर ‘बटाटे आणि गाजर’ एवढंच येतं.

पहिल्या दिवसासाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या आणि कोरडी चटणी जरूर बांधून न्या. व्हेरुलेमियम पार्कमध्ये (व्हेरुलेमियम म्हणजे इथलं जुनं रोमन शहर) तळ्याकाठी बसून खायला कोणी हरकत घेत नाही. लसणाची चटणी गाडीत मात्र उघडू नका.

## टप्पा ६: निघायचा दिवस, सेंट पँक्रसवर न चुकता

इथे तीन चुका ठरलेल्या आहेत.

पहिली: वरच्या भव्य फलाटांवर जाणं. तिथल्या गाड्या युरोप, केंट आणि ईस्ट मिडलंड्सच्या. टेम्सलिंकचे दोन फलाट जमिनीखाली आहेत, ए आणि बी. ‘टेम्सलिंक’ची पाटी धरून खाली उतरा.

दुसरी: उत्तरेची कुठलीही गाडी पकडणं. त्याच फलाटावरून केंब्रिज आणि पीटरबरोच्या गाड्या सुटतात. त्या सेंट ऑल्बन्सला जात नाहीत, पुढे फिन्सबरी पार्ककडे वळतात. तुम्हाला हवी बेडफर्डची, ल्यूटनची किंवा सेंट ऑल्बन्सलाच संपणारी. जलद गाडी निवडा. सगळी स्टेशनं घेणारी गाडी पस्तीसेक मिनिटं घेते. फलकावर थांब्यांची यादी सरकत असते, त्यात ‘सेंट ऑल्बन्स सिटी’ वाचल्याशिवाय पाय आत टाकू नका.

तिसरी: दोन स्टेशनांची गल्लत. सिटी हे टेम्सलिंकचं, ॲबी हे वॉटफर्डच्या छोट्या गाडीचं. दोन्हींत मैलाहून जास्त अंतर आहे. ॲबी नाव वाचून ते कॅथीड्रलला लागूनच असेल असं वाटतं, पण ते हॉलिवेल हिलच्या पायथ्याशी आहे आणि गावात यायला तो चढ बॅग ओढत चढावा लागतो. आईबाबांना ‘स्टेशनवर भेटा’ असा निरोप देताना स्टेशनचं पूर्ण नाव सांगा.

हीथ्रोहून थेट येणाऱ्यांनी एलिझाबेथ लाइनने फॅरिंग्डनला यावं आणि तिथे टेम्सलिंक पकडावी. लिफ्ट आहेत, त्यामुळे बॅगा जिन्यावरून वाहाव्या लागत नाहीत.

## टप्पा ७: शनिवार गावात घालवा

शनिवारी गाव, रविवारी पार्क. हा क्रम उलटा करू नका. बाजार बुधवार आणि शनिवारीच भरतो, आणि कॅथीड्रल रविवारी सकाळी प्रार्थनांसाठी असतं.

१. बॅगा हॉटेलात टाका. सिटी स्टेशनवरून व्हिक्टोरिया स्ट्रीट धरला की सरळ सेंट पीटर्स स्ट्रीट लागतो.

२. बाजार दुपारी बारापूर्वी करा. बाराच्या पुढे खाण्याच्या गाड्यांसमोर रांगा लागतात आणि चारच्या सुमारास आवराआवर सुरू होते. थोडी नाणी जवळ ठेवा, बाकी सगळीकडे कार्ड चालतं. यूपीआयच्या भरवशावर राहू नका.

३. मोसम असेल तर बाजाराच्या टोकाला घड्याळ-मनोरा. १४०३ ते १४१२ या काळात बांधलेला आहे. पायऱ्या ९३, जिना गोल आणि अरुंद. लहान मुलाला कडेवर घेऊन चढू नका; एकाने खाली थांबावं. वरून उद्या चालायचा सगळा पार्क दिसतो. तिथेच नकाशा उघडून उद्याची वाट डोळ्यांखालून घाला.

४. दुपारी कॅथीड्रल. प्रवेश मोफत आहे, दानपेटीत यथाशक्ती टाकावं. चपला काढाव्या लागत नाहीत, डोकं झाकायची गरज नाही. सभामंडप ८५ मीटर लांब आहे, इंग्लंडच्या कॅथीड्रलांमध्ये सगळ्यात लांब. बसत-उठत पाहायला दीड तास धरा. खांबांवरची मध्ययुगीन चित्रं आणि मागच्या बाजूचं संत ऑल्बनचं समाधिस्थान, या दोन गोष्टी सोडू नका. बाहेर पडलात की मनोऱ्याच्या विटा निरखून पाहा. त्या उद्या पाहायच्या रोमन शहराच्या अवशेषांतून उचललेल्या आहेत, म्हणजे उद्याची अर्धी ओळख आजच होते.

५. लग्न, मोठा गायनाचा कार्यक्रम किंवा विद्यापीठाचा पदवीदान असला तर कॅथीड्रल पाहुण्यांना बंद ठेवतात. त्यांच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची नोंद सकाळीच बघून घ्या.

पाऊस आला तर जुन्या टाउन हॉलमधलं सेंट ऑल्बन्स म्युझियम अँड गॅलरी. हे २०१८ मध्ये सुरू झालं, मोफत आहे, आणि तळघरातल्या कैद्यांच्या कोठड्या मुलांना फार आवडतात.

## टप्पा ८: रविवारी रोमन शहर, पण योग्य दिशेने

सकाळी खोली रिकामी करा, बॅगा हॉटेलात ठेवा. मग या क्रमाने चाला:

कॅथीड्रल → ॲबी मिल लेनचा उतार → तळं → रोमन तटबंदी आणि लंडन गेट → हायपोकॉस्टची इमारत → व्हेरुलेमियम म्युझियम → रोमन थिएटर → सेंट मायकल्स → फिशपूल स्ट्रीट → गाव.

या दिशेला उतार आधी येतो आणि ताजे पाय असताना बराचसा सपाट रस्ता होऊन जातो. शेवटचा फिशपूल स्ट्रीटचा चढ सोसण्यासारखा आहे, पण त्याचे पदपथ अरुंद आणि रस्त्यापासून उंच आहेत. बाबागाडी किंवा काठी असेल तर संग्रहालयापाशी टॅक्सी बोलवा. टॅक्सी आधी फोन करून मागवावी लागते, रस्त्यावर हात करून मिळायची नाही.

हायपोकॉस्ट म्हणजे जमिनीखालून उष्ण हवा खेळवून घर तापवायची रोमन सोय. पार्कच्या मधोमध एका साध्या पांढऱ्या इमारतीत ती आणि तिच्यावरची रंगीत दगडांची फरशी जागेवरच जपली आहे. प्रवेश मोफत. बाहेरून इमारत इतकी साधी आहे की लोक ती पंपघर समजून पुढे निघून जातात. इथलं उत्खनन १९३० नंतरच्या वर्षांत मॉर्टिमर व्हीलर आणि टेसा व्हीलर यांनी केलं. हेच व्हीलर १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. मुलांना हडप्पा शाळेत शिकवत असतील तर इथे हे जरूर सांगा.

संग्रहालय आणि थिएटर या दोघांना तिकीट आहे आणि ती वेगवेगळी काढावी लागतात. थिएटर खासगी जमिनीवर आहे. दोन्हींमध्ये मोटारींचा वाहता रस्ता आहे, मुलांचा हात धरूनच तो ओलांडा. वेळ किंवा पैसे कमी असतील तर संग्रहालय ठेवा आणि थिएटर सोडा. थिएटर उघड्यावर आहे, पावसात त्यात दगडी जोत्यांपलीकडे फारसं दिसत नाही.

तपासा: दोन्हींची रविवारची वेळ आदल्या रात्री पाहून घ्या. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेआधीच थांबतो.

रविवारी खरेदी उरली असेल तर लक्षात ठेवा: २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा यांच्यामध्ये सलग सहाच तास विक्री करता येते. दहाला उघडलं ते चारला बंद. ईस्टरच्या रविवारी ती उघडतच नाहीत. औषधं, दूध, मुलांचे डायपर शनिवारीच घ्या.

सावधान, हॅरी पॉटर: वॉटफर्डजवळचा वॉर्नर ब्रदर्सचा स्टुडिओ नकाशावर शेजारी दिसतो म्हणून तो रविवारी दुपारी ‘उरकू’ असं पुष्कळजण ठरवतात. तिथे दारावर तिकीट मिळत नाही, आठवडेच्या आठवडे आधी संपतं, आणि आत सहज साडेतीन-चार तास जातात. तो पाहायचा असेल तर आधी त्याचं तिकीट, मग त्या दिवसाभोवती बाकीचं सगळं. ॲबी लाइनने वॉटफर्ड जंक्शन आणि तिथून त्यांची बस. रोमन पार्क त्या खेपेला सोडून द्या.

आई-बाबांना देवळात जायचं असेल तर ऑल्डनमचा भक्तिवेदांत मॅनर हा सोपा पर्याय आहे. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने १९७३ मध्ये दिलेली ही वास्तू. परतीच्या वाटेवर रॅडलेटला उतरून टॅक्सी करा. रॅडलेटला जलद गाड्या थांबत नाहीत, तेव्हा तिथे सगळी स्टेशनं घेणारी गाडीच लागेल. जन्माष्टमीच्या आसपास मात्र तिथे जायचं तर वेगळीच तयारी लागते. गर्दी प्रचंड असते.

## टप्पा ९: परत येताना आणि सोमवारी

रविवारी संध्याकाळी हॉटेलातून निघण्याआधी, स्टेशनवर पोहोचल्यावर नव्हे, गाडीची स्थिती ॲपवर पाहा. ठरलेल्या गाडीच्या आधीची एक गाडी मनात धरा.

गाडी १५ मिनिटांहून जास्त उशिरा पोहोचली तर टेम्सलिंककडून भरपाई मिळते. तिकिटाचं छायाचित्र, गाडीची वेळ आणि प्रत्यक्ष पोहोचलेली वेळ त्याच संध्याकाळी टिपून ठेवा. अर्ज २८ दिवसांच्या आत करायचा असतो. आधी जाहीर झालेल्या कामामुळे वेळापत्रकच बदललेलं असेल, तर उशीर त्या बदललेल्या वेळेवरून मोजतात.

कार्ड टेकवून गेला असाल तर दोन-तीन दिवसांनी प्रत्येकाच्या खात्यातली रक्कम पाहा. कोणाचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप मोठा दिसला, तर उतरताना टेकवायचं राहिलं आहे किंवा दोन वेगळी साधनं वापरली गेली आहेत. टीएफएलच्या (लंडनची वाहतूक-संस्था) संकेतस्थळावर कार्डाचा प्रवास-इतिहास उघडून अर्धवट प्रवास दुरुस्त करायची विनंती करता येते. आई-बाबांचं भारतीय कार्ड असेल तर हे काम ते परत जाण्याआधी करून घ्या.